वऱ्हाडातला अर्धा र

विलीनीकरण हा शब्द आमच्या वऱ्हाडाला नवा नाही. माझे आजोबा अकोला जिल्ह्यातील ज्या घरात जन्मले त्याच घरात वारले. मधल्या काळात घर जागचे हलले नाही. त्यावरचे राज्य मात्र बदलत राहिले. ते जन्मले तेव्हा आमचे गाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड' नावाच्या प्रांतात होते, आणि तेही अशा विचित्र करारान्वये की अंमल इंग्रजांचा पण सार्वभौमत्व कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचे. १९५० मध्ये ते मध्य प्रदेशात गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत या सगळ्या राजवटींचे शिक्के असलेले कागद होते. लहानपणी मला त्या शिक्क्यांची मौज वाटे. पुढे कळले की त्यात मौजेचे काही नव्हते. प्रत्येक नव्या राजवटीने आधीच्या राजवटीचा कागद मानला, म्हणून आमचे शेत आमचे राहिले.

हे सगळे आठवण्याचे निमित्त एक यंत्र आहे.

२०२२ साली आमचे महाविद्यालय चालवणारी छोटी शिक्षणसंस्था जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या संस्थेत विलीन झाली. कारणे नेहमीचीच होती: घटती विद्यार्थिसंख्या, न भरलेली पदे, नॅकचा तगादा. त्या वेळच्या परिपत्रकात 'सामिलीकरण', 'एकत्रीकरण' आणि 'विलीनीकरण' असे तीन शब्द तीन परिच्छेदांत एकाच अर्थाने वापरले होते. भाषेच्या शिक्षकाला असल्या जागी ठेच लागतेच. विलीन होणे म्हणजे विरघळणे. पाण्यात विरघळलेल्या मिठाची खूण एवढीच की पाणी खारट लागते. सामील होणाऱ्याला निदान स्वतःचे नाव उरते. आमच्या वाट्याला यांपैकी नेमके काय आले होते ते परिपत्रकावरून कळत नव्हते. त्याच परिपत्रकाच्या शेवटी एक कलम होते: दिवाळीच्या सुटीअखेर महाविद्यालयातील सर्व संगणक मुख्य संस्थेच्या 'डोमेन'मध्ये घेतले जावेत, जे घेता येणार नाहीत त्यांचे निर्लेखन करून जडवस्तूसंग्रह नोंदवहीत तशी नोंद करावी. डेड स्टॉक रजिस्टरला मराठीत जडवस्तूसंग्रह म्हणतात हे मला फार दिवसांपासून ठाऊक आहे, पण त्या दिवशी तो शब्द वाचून अंगावर काटा आला. कारण नोंदवहीत जाऊ पाहणारी एक 'जड वस्तू' म्हणजे ग्रंथालयामागच्या खोलीतला सर्व्हर होता, आणि त्याच्या पोटात आमच्या मराठी विभागाची सोळा वर्षे होती.

हे यंत्र २००५-०६ साली आले. त्याच वर्षी मीही येथे अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले, त्यामुळे त्याच्याविषयी मला एक प्रकारची समवयस्कता वाटते. त्यावर 'विंडोज सर्व्हर २००३' होते. त्या प्रणालीला मिळणारी मायक्रोसॉफ्टची देखभाल १४ जुलै २०१५ रोजी संपली. पण आमच्याकडे त्या तारखेला काहीच घडले नाही. यंत्र घरघरत राहिले. आमचे तत्कालीन विभागप्रमुख (पुढे त्यांचा उल्लेख 'सर' असाच करते) दर दिवाळीत विद्यार्थ्यांना घेऊन खेडोपाडी जात, जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेत, आणि उरलेले वर्षभर मुले त्या ऐकून या यंत्रावर उतरवून ठेवत. २००६ ते २०१४ या काळात सुमारे तीन हजार ओव्या, बोलीतल्या शब्दांची एक मोठी यादी आणि म्हणी जमल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या, एक लाखाहून अधिक ओव्यांच्या प्रचंड संकलनापुढे हे काम लहानच. पण ते संकलन मुख्यतः घाटावरचे आणि मराठवाड्याचे आहे, आणि आमचे निव्वळ आमच्या दोन तालुक्यांचे.

सर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. तोवर ते निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती, आणि त्यांच्या माझ्यात बोलणे जवळपास उरले नव्हते. त्याविषयी पुढे लिहिते.

मुख्य संस्थेने पाठवलेला अभियंता विशीतला, हसरा मुलगा होता. "मॅडम, डोमेन म्हणजे गाव समजा," तो म्हणाला. "गावाची एक चावडी असते. कोण कुठे राहते, कोणी कोणत्या वाड्यात जायचे, सगळे चावडीवरच्या वहीत. तुमचे हे मशीन म्हणजे तुमच्या जुन्या गावाची चावडी. आता त्याने आमच्या गावात यायचे." मी विचारले, चावडी दुसऱ्या गावात राहायला कशी जाईल? तो हसला आणि म्हणाला, तोच तर प्रॉब्लेम आहे. रीत अशी, की आधी दोन गावांमध्ये 'ट्रस्ट' प्रस्थापित करायचा, म्हणजे एका चावडीने दिलेला दाखला दुसरीने मानायचा. मग एकेक माणूस या वहीतून त्या वहीत न्यायचा. आणि शेवटी जुनी चावडी बंद करायची. संगणकाच्या जगात 'विश्वास' ही एक मांडणी आहे, खूण करून सुरू-बंद करण्याची, याचे मला नवल वाटले. तो एकतर्फी असू शकतो आणि दुतर्फीही. विश्वासाच्या बाबतीत एवढी स्पष्टता माणसांना सहसा परवडत नाही.

तीन दिवस तो विश्वास काही जुळेना.

पहिली अडचण वेळेची निघाली. नव्या गावात ओळख पटवण्याची जी व्यवस्था आहे तिचे नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावर बसलेल्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून ठेवलेले आहे: कर्बेरॉस. त्याच्याशी बोलणाऱ्या दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर असेल तर तो कोणालाही ओळखत नाही. आमच्या सर्व्हरमधला घड्याळाचा सेल कधीच मेला होता. वीज गेली की यंत्र भूतकाळात जाई, आणि आमच्याकडे वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही. सेल बदलला, घड्याळे जुळवली. मग दुसरी अडचण उभी राहिली, आणि ती मात्र ओलांडता आली नाही.

दोन यंत्रे फायलींची देवघेव करण्याआधी आपण कोणत्या 'डायलेक्ट'मध्ये बोलायचे हे आपसांत ठरवतात. हा शब्द माझा नव्हे. त्यांच्या तांत्रिक दस्तऐवजांतच ज्याला आपण बोली म्हणतो तोच शब्द योजलेला आहे. आपल्याला येणाऱ्या बोली एक यंत्र सांगते, दुसरे त्यांतली एक निवडते. आमच्या सर्व्हरला एकच बोली येत होती, सर्वांत जुनी. नव्या गावातल्या सर्व्हरवर ती मुळात बसवलेलीच नव्हती. २०१९ च्या आवृत्तीपासून ती आपोआप येत नाही. मी विचारले, नव्याला जुनी बोली शिकवता येणार नाही का? येते, तो म्हणाला, एका खुणेचे काम आहे. पण शिकवणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या ज्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, इंग्लंडमधल्या रुग्णालयांची कामे बंद पाडली, तो याच बोलीच्या जुन्या अंमलबजावणीतल्या एका दोषातून आत शिरला होता. एका महाविद्यालयाच्या ओव्यांसाठी सगळ्या गावाची वेस उघडी ठेवायची का?

बोलींच्या बाजूने आयुष्यभर बोलत आलेल्या माझ्यासारखीला या प्रश्नाचे उत्तर देणे जड गेले. मी प्रमाणभाषेच्या वर्चस्वावर दरवर्षी एक तास घेते. त्या तासाला मी जे बोलते ते सगळे मला तेथे, त्या खोलीत, त्या मुलाला ऐकवावेसे वाटले. आणि ऐकवले असते तर ते सगळे चुकीचे ठरले असते. तो खरेच बरोबर होता. यंत्राची बोली ही बोली नव्हे, कुलपाची जात आहे. रूपके आपल्याला जेथपर्यंत नेतात तेथे उतरून घ्यावे, हे साहित्याच्या शिक्षकाने तरी विसरू नये.

तेव्हा असे ठरले की यंत्र विलीन करायचे नाही. त्यातल्या फायली तेवढ्या हार्ड डिस्कवर घेऊन नव्या गावात न्यायच्या. त्याप्रमाणे बहुतेक नेल्याही. नव्या संगणकावर त्या उघडल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

एक, प्रत्येक फाइलीच्या मालकाच्या जागी नाव नव्हते. एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक लांबलचक आकडा होता आणि शेजारी प्रश्नचिन्ह. फाइलीवर माणसाचे नाव मुळात लिहिलेले नसतेच, हे मला तेव्हा कळले. लिहिलेला असतो हा आकडा. चावडी वही पाहून त्याचे नाव सांगते. चावडी बदलली की आकडा तसाच राहतो आणि माणूस अनोळखी होतो. विश्वास जुळला असता तर प्रत्येकाच्या नव्या खात्याला त्याचा जुना आकडाही 'इतिहास' म्हणून जोडता आला असता, आणि जुने हक्क टिकले असते. आजोबांच्या पेटीतल्या कागदांची मला आठवण झाली ती येथे.

दुसरे, मजकूर वाचता येईना. पडद्यावर रोमन अक्षरे, त्यांच्यावर युरोपीय स्वरचिन्हे, मध्ये पौंडाचे चिन्ह. ज्यांनी त्या दशकात मराठी टंकलेखन केले आहे त्यांना हे सांगायला नको. त्या फॉण्टांत अक्षर साठवले जात नसे, अक्षराच्या चित्राचा तुकडा साठवला जाई, आणि तो रोमन अक्षराच्या जागी. फॉण्ट नसेल तर खालचे रोमन उघडे पडे. रूपांतर करणारे प्रोग्राम आता मिळतात. पण ते नुसते एका खुणेच्या जागी दुसरी खूण ठेवून भागत नाही. 'कि' टंकताना हात आधी वेलांटी देई आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क आणि मागाहून इकार. 'धर्म' मध्ये हात ध, म आणि सर्वांत शेवटी वरचा रफार देई. युनिकोडमध्ये र हा म च्या आधी, जेथे तो उच्चारला जातो तेथे. म्हणजे जुना फॉण्ट हाताच्या क्रमाने लिही आणि युनिकोड मुखाच्या क्रमाने. ओव्यांच्या संग्रहासाठी दुसरा क्रम अधिक शोभणारा, असा एक विचार मनात येऊन गेला. असो.

रूपांतर झाले आणि पहिल्याच फाइलीच्या मथळ्यावर मी थांबले. तेथे लिहिले होते: 'वर्हाड'.

मराठीखेरीज फार थोड्या भाषांना लागणारा तो आडवा, भुवईसारखा अर्धा र सगळीकडून गेला होता आणि त्याच्या जागी रफार बसला होता. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. आचार्यांना बोलावणे निराळे आणि आचाऱ्यांना बोलावणे निराळे. दर्या निराळा, दऱ्या निराळ्या. आमच्या तर प्रांताच्या नावातच तो र आहे. मी सगळीकडे 'वर्हाड' चे 'वऱ्हाड' करून घेतले, तर शोधताना निम्म्याच नोंदी सापडू लागल्या. कारण युनिकोडमध्ये हा र लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एकात खालचा ठिपका असलेले स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मी एका मार्गाने दुरुस्त केले होते, माझ्या विद्यार्थिनीने दुसऱ्या. चार दिवस आम्ही दोघी एकाच पडद्यासमोर बसून दोन वेगवेगळी वऱ्हाडे लिहीत होतो.

याच सुमारास मुख्य संस्थेच्या डिजिटल भांडाराच्या समितीकडून एक सूचना आली की सर्व मजकूर शुद्धलेखन तपासणीतून काढावा. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी प्रयोगादाखल एक पान काढून पाहिले. 'डोया' चा डोळा झाला, 'केयी' ची केळी झाली, 'मले' चे मला. ळ च्या जागी य म्हणणारे माझे दोन तालुके एका कळीसरशी पुण्यात जाऊन बसले. ते पान मी समितीला तसेच, मूळ आणि शुद्ध शेजारी शेजारी छापून पाठवले. सूचना मागे घेतली गेली. येथे मात्र रूपक लागू होते, आणि मी ते मनसोक्त वापरले.

आता त्या उरलेल्या फायलींविषयी.

सर्व्हरवरच्या सरांच्या फोल्डरमध्ये एक उपफोल्डर होता, आणि त्यातल्या फायलींची नावे इतरांसारखी काळी नव्हती, हिरवी होती. त्या हार्ड डिस्कवर घेता येत नव्हत्या. घ्यायला गेले की परवानगी नाकारल्याचा संदेश येई. हिरवे म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेले, अभियंत्याने सांगितले. किल्ली सरांच्या खात्यात. सर नाहीत, तेव्हा एकच आशा: अशा गावात एक राखीव किल्ली ठेवलेली असते, ती पहिल्या चावडीच्या मुख्य प्रशासकाच्या खात्यात असते. म्हणजे याच यंत्रात. आणि म्हणून, तो पहिल्यांदाच गंभीरपणे म्हणाला, हे यंत्र आपण परवा निर्लेखित केले असते तर त्या फायली जगात कोणालाही कधीही उघडता आल्या नसत्या.

प्रशासकाचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. ज्या शिक्षकाने ही व्यवस्था बसवली ते बारा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले होते. मग ग्रंथपालांना सुचले: मामांना विचारा. मामा म्हणजे आमचे निवृत्त शिपाई. वीज आली की ग्रंथालयाचा प्रोग्राम सुरू व्हावा म्हणून रोज सकाळी यंत्रात शिरण्याचे काम चौदा वर्षे त्यांनी केले होते. सुरक्षेच्या दृष्टीने हे महापाप. अभियंत्याने कानांना हात लावले. मामा दुसऱ्या दिवशी सायकलवरून आले. पासवर्ड काय होता, मी विचारले.

"तोंडानं नाई सांगता येत मले, मॅडम," ते म्हणाले. "कीबोर्ड समोर ठेवा, बोटं सांगतीन."

ते खुर्चीवर बसले, डोळे अर्धवट मिटले, उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी एक आकृती काढावी तशी आठ-नऊ कळा दाबल्या. पहिल्यांदा चुकले. कीबोर्ड बदलला होता. नव्याच्या कळा सपाट होत्या. अडगळीतून जुना कीबोर्ड आणून जोडला, आणि यंत्र उघडले. मामांना इंग्रजी अक्षरे येत नाहीत असे नाही, पण तो शब्द त्यांनी शब्द म्हणून कधी वाचलाच नव्हता. निघताना ते यंत्राच्या कापडी गवसणीकडे पाहून म्हणाले, "थे बंद केलं तं पुन्हा चालू होनार नाई. पंखा धरते त्याचा." मी म्हटले, "मामा, काम झाल्यावरच बंद करू." आणि आम्ही ते आठवडाभर बंद केले नाही.

त्या हिरव्या फायली काय आहेत याविषयी माझी एक ठाम समजूत होती, आणि सरांशी बोलणे तुटण्याचे कारणही तीच होती. २०११ साली मी पीएच.डी.साठी याच ओव्यांवर काम करीत होते. कोणती ओवी कोणत्या बाईने म्हटली, तिचे वय, माहेर, जात ही माहिती मला हवी होती. तिच्यावाचून समाजभाषिक विश्लेषण लंगडे पडते. सरांनी ती दिली नाही. कारणही दिले नाही. "ते तुमच्या उपयोगाचे नाही," एवढेच म्हणाले. आपल्या क्षेत्रात सामग्री दडपून ठेवणारी माणसे असतात, त्यांतलेच हे एक, असे मी ठरवून टाकले. चार लोकांत तसे बोललेही. प्रबंधात मला 'निवेदिका : अज्ञात' असे शेकडो वेळा लिहावे लागले, आणि दरवेळी राग येई.

फाइल उघडली. बेचाळीस बायकांची यादी होती: नाव, गाव, वय, ओव्यांचे क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. जवळपास तीस नावांपुढे शेरे होते. कोणी सांगितले होते की नवऱ्याला कळू देऊ नये. कोणाच्या ओवीत दिराचे नाव होते. एकीने भावाने बळकावलेल्या शेताविषयी म्हटले होते आणि लगेच 'हे पुसा' म्हणाली होती. सरांनी पुसले नव्हते, पण तसे लिहून ठेवले होते. एक विधवा होती, तिच्या ओव्यांपुढे नुसते 'नाव कधीही देऊ नये' असे लिहून खाली तारीख आणि सही घातली होती. त्या फेऱ्यांपैकी निम्म्यांत मी बरोबर होते. मी टेपरेकॉर्डर धरून बसे. हे बोलणे बहुधा टेप बंद झाल्यावर, मी मुलांना गाडीकडे नेल्यावर होत असावे.

मी ते वाचायला नको होते का? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात ज्यांची मोठी परंपरा आहे त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके झाकून ठेवले, वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली शोधली, आणि मराठीच्या प्रारंभीच्या गद्याचा इतिहास आपल्याला मिळाला. आपण हे वर्गात विजयाची गोष्ट म्हणून सांगतो, मीही सांगते. त्या परंपरेतच असेही सांगतात की 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत गेली आणि पुढे ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले गेले. म्हणजे कुलूप लावणाऱ्यांनाच हरवण्याची भीती सर्वांत जास्त ठाऊक होती. तरी त्यांनी कुलूप लावले. लिपी उकलल्यावर ज्यांची ती होती त्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या बाजूने पाहावे तर राइरकर-पॉइटवाँ यांच्या संकलनातल्या गायिका आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या पानांवर स्वतःच्या नावाने, छायाचित्रांसह उभ्या आहेत, आणि ते पाहून मला नेहमी भरून येते. लोकसाहित्य म्हटले की कर्त्याला नाव नसते ही आपली जुनी सोयीची समजूत तेथे मोडली आहे. बायकांची नावे पुसण्याचे काम समाज फुकट करतोच, त्यात आपण भर का घालावी? हे मी सरांना त्या काळी ऐकवलेही होते. आजही ते खोटे वाटत नाही. फक्त नाव देण्याचा हक्क संशोधकाचा नव्हे, एवढे मला त्या वेळी कळले नव्हते. आणि सरांना कळले होते, पण समजावून सांगावेसे वाटले नाही, हा त्यांचा दोष मी आजही माफ केलेला नाही.

भांडारात ओव्या चढवताना अर्जात एक रकाना होता: गायिकेचे नाव. शेजारी तांबडी चांदणी, म्हणजे भरलाच पाहिजे. रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकेना. 'अज्ञात' लिहिणे आता मला शक्य नव्हते. ते आधी अज्ञान होते, आता असत्य ठरले असते. शिवाय नव्या गावात फोल्डर ठेवला की तो आपोआप संस्थेच्या सगळ्या शिक्षकांना वाचता येई; त्यांत त्या बायकांचे पुतणे आहेत, जावई आहेत. मी अभियंत्याला सांगितले. कारण पूर्ण सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्या रकान्यात निवडीसाठी एक नवा पर्याय दिसला: 'नाव राखून ठेवले आहे'. विलीनीकरणाच्या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला हा एवढाच खरा लाभ, आणि तो मी लहान मानत नाही.

यादी मी भांडारात चढवली नाही. ती एका वेगळ्या डिस्कवर, पुन्हा कुलूप लावून, विभागाच्या कपाटात आहे. पासवर्ड मी आणि माझी एक सहकारी, दोघींनाच ठाऊक आहे; कपाटाच्या यादीत मी डिस्कची नोंद केली आहे आणि ती कशाची आहे व का बंद आहे हे मराठीत, वाचता येईल असे, लिहून ठेवले आहे. सरांनी एवढे केले असते तर अकरा वर्षे वाचली असती. जुना सर्व्हर निर्लेखन समितीने २०२३ च्या मार्चमध्ये नोंदवहीतून काढला. तो उचलून नेण्याआधी त्याची डिस्क आम्ही काढून घेतली. मामा म्हणाले होते त्याप्रमाणे, बंद केल्यावर तो पुन्हा सुरू झाला नाही.

तेव्हापासून दर सुटीत दोन विद्यार्थिनींना घेऊन मी त्या गावांत जाते. बेचाळिसांपैकी सतरा जणी हयात असल्याचे कळले आहे. अकरा जणी भेटल्या. पाच जणींनी नाव द्यायला सांगितले, त्यांतल्या एकीने छायाचित्रही काढून घेतले, नवे लुगडे नेसून. तिघींनी नाही म्हटले. एकीला आपण ओव्या म्हटल्याचे आठवत नव्हते. टेप लावल्यावर तिने आवाज आपल्या जावेचा असल्याचे सांगितले, आणि यादीतली ती नोंद चुकीची ठरली. एक म्हणाली, सुनेला विचारून सांगते. अजून सांगितलेले नाही.

ज्या विधवेच्या नावापुढे सही-तारीख होती ती गेल्या पावसाळ्यात भेटली. आता ऐंशीच्या पुढे आहे. मी सगळे सांगितले, सर गेल्याचेही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मास्तरनं कोनालेच नाई सांगतलं?" मी म्हटले, नाही, मलासुद्धा नाही. तिने चहा ठेवायला सांगितले, आणि नावाविषयी त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही.